विषय: ८.८ च्या कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी ८.४ च्या पाठवल्या, डोळे दुखावले आणि वर माझ्याच हातांची चौकशी केली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

लातूर, २४ एप्रिल

आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरशी पाचव्यांदा बोलले. सहावा फोन करणार नाही, आता लेखीच देते.

मार्चच्या शेवटी तुमच्या ॲपवरून महिनाभर वापरायच्या लेन्सचे दोन डबे मागवले. चार वर्षं ह्याच लेन्स वापरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या गोलाईचा आकडा, ८.८ लिहिलेला आहे आणि ती चिठ्ठी तुमच्याकडे अपलोड केलेली आहे. मी ऑर्डरही ८.८ चीच दिली. तुम्ही ८.४ पाठवल्या. विचारलं नाही, कळवलं नाही. डबा नेहमीसारखाच दिसला, नंबर उणे ३.२५ आणि उणे ३.५० बरोबर होते, म्हणून मी घातल्या. कडेला बारीक अक्षरात ८.४ छापलं होतं, ते नंतर भिंगाखाली वाचलं.

ह्या आकड्याचा अर्थ तुम्हाला मी सांगावा लागू नये. आकडा लहान झाला की लेन्सची वाटी खोल होते आणि माझ्यासारख्या पसरट बुबुळावर ती आवळून बसते. पापणी मिटली की लेन्स जराशी हलली पाहिजे, म्हणजे तिच्याखाली अश्रू खेळते राहतात. बुबुळाच्या पारदर्शक भागाला रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन हवेतूनच मिळतो. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, हे दरवर्षी वर्गात सांगते. तुम्ही तर लेन्स विकता.

तिसऱ्या संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले. पाचव्या दिवशी डोळ्यांत खडा गेल्यासारखं खुपायला लागलं आणि वर्गातल्या ट्यूबलाइटकडे बघवेना. नीटच्या परीक्षेआधीची उजळणी चालू होती, सुट्टी घेणं शक्य नव्हतं. लेन्स काढून ठेवल्या आणि जुना चष्मा लावून शिकवलं, तरी पांढऱ्या फळ्याकडे पाठ करून उभी राहत होते. एप्रिलातल्या इथल्या उन्हात स्कूटी चालवणं बंद झालं. घरी पडदे ओढून बसले तर सासूबाईंनी विचारलं, "कामून रडायलीस ग?" मी रडत नव्हते. पाणी थांबतच नव्हतं.

डॉक्टरांनी लेन्स घालायला लावून तपासलं. पापणीची उघडझाप केली तरी ती जागची हलत नव्हती. काढल्यावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तिच्या कडेचा गोल वळ उठलेला होता. पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघितल्यावर बुबुळावर हिरवे ठिपके दिसले, म्हणजे वरचा थर तितका खरचटला होता. त्यांनी तीन आठवडे लेन्स बंद केल्या आणि थेंब दिले. त्यांच्या अहवालात 'लेन्स घट्ट बसल्यामुळे' असं स्पष्ट लिहिलं आहे.

आता आजचा फोन. तो मी शब्दशः लिहून ठेवला आहे.

तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, पॉवर तर बरोबर आहे ना? मग लेन्स बरोबर आहे." मी म्हणाले, बेस कर्व्ह बघा. तो म्हणाला, "ते सगळ्यांना सारखंच बसतं." मग तुमच्या डब्यावर ते छापता कशाला? त्यावर त्याने मला दीड मिनिट थांबवलं आणि परत येऊन विचारलं, "लेन्स हाताळायच्या आधी हात धुता का?" धुते, साबणाने, आणि कोरडे करते. "लेन्स पाण्याने धुता का?" कधीच नाही, फक्त सोल्यूशन. मग तो म्हणाला, "नाही, तुम्ही लातूरच्या ना, तुमच्या साइडला पाण्याचा प्रॉब्लेम असतो, म्हणून हायजिन राहत नसेल."

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी ह्याच शहरात होते. रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली आहे. त्या उन्हाळ्यातही हात धुतल्याशिवाय आम्ही कोणी ताटाला हात लावला नाही. आमच्या दुष्काळाचा आधार घेऊन तुम्ही तुमची चूक माझ्या अंगावर ढकललीत, ह्याचा मला डोळ्यांपेक्षा जास्त त्रास झाला. पाच फोन झाले. पाण्याबद्दल तीनदा विचारलं. डब्यावरचा बॅच नंबर एकदाही कोणी विचारला नाही. ८.८ मागवून ८.४ कशा आल्या, हेही कोणी सांगितलं नाही.

दोन्ही डब्यांचे पैसे, डॉक्टरांची फी आणि औषधांचा खर्च परत हवा. बिलं जोडली आहेत. ८.८ मागवलेल्या असताना ८.४ परस्पर पाठवायचं कोणी ठरवलं, ह्याचं लेखी उत्तर हवं. ज्या ज्या ग्राहकांना अशा बदली लेन्स गेल्या आहेत त्यांना आजच कळवा. कोणीतरी आत्ता त्या घालून दुचाकीवर असेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच ती करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी यंत्रणेकडेही डॉक्टरांचा अहवाल पाठवीन.

चार वर्षांत माझ्या शब्दावर सहा-सात विद्यार्थिनींनी तुमच्या लेन्स घेतल्या. त्यांना कालच फोन करून डब्यावरचा आकडा बघायला सांगितलं.

उरलेल्या लेन्स आणि दोन्ही डबे जपून ठेवले आहेत. न्यायला माणूस पाठवलात तर बॅच नंबर लिहिलेली पोच घेऊनच देईन.

तुमची चार वर्षांची ग्राहक