हमाली, धर्मादाय आणि समाजवाद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामगार संघटना आणि दानधर्म ही दोन्ही समाजवादाचीच रूपे आहेत, एक दमदाटीने घेते आणि दुसरे भीड घालून घेते, असे मत जळगावच्या बाजारात हल्ली शिकलेसवरलेले लोकही मांडू लागले आहेत. मी 31 वर्षे धान्याच्या आडतीवर दिवाणजी होतो आणि व्यापाऱ्याच्या पेढीवरच माझा संसार उभा राहिला; तरीही हे मत मला साफ चुकीचे वाटते.

समाजवाद म्हणजे जमीन, गिरणी, खाण अशा उत्पादनाच्या साधनांवर समाजाची, म्हणजे व्यवहारात सरकारची, मालकी. हमालांची संघटना पेढीची मालकी मागत नाही. पोत्यामागे दर काय, एवढेच ती एकमुखाने बोलते. 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते, समाजवादी नव्हेत. उलट पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असताना 1980 मध्ये जहाजबांधणी कामगारांनी ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र संघटना काढली, तेव्हा त्याच राजवटीने पुढच्या वर्षी लष्करी कायदा पुकारून तिचे पुढारी तुरुंगात टाकले.

संघटनांचे दोष मी नाकारत नाही. शेतकऱ्याच्या मुलांनी ट्रॉलीतली पोती स्वतः उतरवली तरी हमाली मोजावी लागते, ट्रकवाल्याला वाराईसाठी, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशासाठी, अडवून ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि तो उघड अन्याय आहे. पण तो मक्तेदारीचा अन्याय आहे, समाजवादाचा नव्हे. 1969 च्या माथाडी (म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या) कायद्यातील लेव्ही, म्हणजे मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम, ज्यांना जाचक वाटते, त्यांनी त्या कायद्यावर बोलावे. तो विधिमंडळाने केला आहे, हमालांच्या संघटनेने नव्हे.

दानाचेही तेच. माझे वडीलही आडतीवरच होते आणि त्यांच्या काळातील काही पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, आमच्या ट्रंकेत अजून आहेत. ज्वारीचे वजन, भाव आणि त्याखाली ओळीने कपाती: हमाली, तोलाई, धर्मादाय. पैसा शेतकऱ्याचा, तोही न विचारता कापलेला, आणि पाणपोईच्या फरशीवर नाव मात्र पेढीचे. याला मी दान म्हणणार नाही, पण समाजवाद तर मुळीच म्हणणार नाही, कारण कापणारा हात सरकारचा नव्हता. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, त्यात सक्ती आहे हे मान्य. मात्र 1945 मध्ये आमच्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढणाऱ्या घराण्यातील अझीम प्रेमजी यांनी हा कायदा येण्यापूर्वीच, 2010 मध्ये, आपले कोट्यवधी समभाग शिक्षणाच्या कामासाठी दिले. स्वतःच्या मालकीचे स्वतःच्या मर्जीने देणे हा खासगी मालमत्तेचाच हक्क आहे. तो नाकारणारे त्या मालमत्तेचे कैवारी कसे ठरतात, हे मला समजत नाही.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. बाजार समितीचा एखादा निर्णय पटला नाही की व्यापारी एकत्र येऊन लिलाव बंद ठेवतात आणि भरलेले ट्रॅक्टर आवारात उभे राहतात. अशा प्रत्येक बंदच्या निवेदनाची स्वच्छ प्रत मीच लिहून काढत असे. त्या निवेदनांना कोणी समाजवाद म्हटले नाही. मग हमालांनी दरवाढीसाठी एक दिवस पोते उचलले नाही, तर त्यालाच तो शब्द का लावावा?

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, जळगाव