उसण भरलेल्या कमरेला कामासकट सांभाळायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय फिजिओथेरपिस्ट ताई,
स. न. वि. वि.

कापूस वेचणी सुरू झाली की दर हंगामाला त्याच त्या कमरांमध्ये उसण भरते. त्यावर "आराम करा" हा एकच सल्ला वर्षानुवर्षं मिळत आला. वेचणीच्या दिवसांत तो कुणाला परवडतो? तुम्ही आधी विचारलंत, "दिवसभरात कंबर कशाकशासाठी वाकते?" त्या एका प्रश्नासाठी आम्हा आशाताईंकडून तुमचे मनापासून आभार.

तुमची तुराटी गावात अजून चालू आहे. सरळ तुराटी पाठीला उभी लावायची. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग गुडघे थोडे सैल सोडून ढुंगण मागे न्यायचं आणि खुब्यातून वाकायचं. माकडहाडापासून तुराटी सुटली, तर कंबर गोल झाली असं समजायचं. पाठीची कमान करून दिवसभर वाकत राहिलं की मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि मागच्या बंधांवर ताण साचत जातो. शेवटी साधा तांब्या उचलायचं निमित्त होतं आणि कंबर धरते. लोक दोष तांब्याला देतात.

सकाळचं गणित तर कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. आणि आपल्याकडे बाई उठते ती थेट आखूड केरसुणी घेऊन अंगणात. तुम्ही झाडलोट बंद करायला लावली नाहीत, फक्त क्रम बदललात: आधी चहा, थोडं चालणं, उभ्यानं होणारी कामं, झाडणं तासाभरानं, तेही लांब दांड्याच्या झाडूनं. फुकटातला उपाय आहे, म्हणून तो आम्ही सगळ्यात आधी सांगतो.

वेचताना ओटी पोटापुढे लोंबते. शरीरापासून पुढे गेलेलं ओझं कमरेला कितीतरी जड पडतं, म्हणून तीन-चार किलो झालं की ती रिकामी करायची. खालच्या बोंडांसाठी एक गुडघा टेकायचा. ओळ संपली की कमरेवर हात ठेवून पाच वेळा हळू मागे झुकायचं. पाण्याचंही तेच. 15 लिटरच्या हंड्यात पाणीच 15 किलो असतं. तो जमिनीवरून उचलून तिथल्या तिथे कंबर पिळणं सगळ्यात वाईट. हंडा ओट्यावर भरायचा, अंगाजवळ धरायचा आणि वळताना पाय वळवायचे.

उसण भरलीच, तर अंथरूण एक-दोन दिवसांच्या वर धरायचं नाही. पाठीवर पडून पोटऱ्या खाटेवर ठेवायच्या, दहा-पंधरा मिनिटं. कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं आणि तासातासाला घरातल्या घरात चालायचं. पालथं पडून कोपरांवर टेकल्यावर पायातली कळ वर कमरेकडे सरकली तर ते चांगलं लक्षण. खाली पायाकडे उतरली तर लगेच थांबायचं.

दुखणं उतरल्यावरचे तीन व्यायाम लोक पटकन सोडतात, आणि तिथेच उसण परतते. पाठीवर पडून, कमरेखाली हात ठेवून, एक गुडघा दुमडून डोकं-खांदे जेमतेम उचलणं. कुशीवर कोपर टेकून कंबर वर धरणं. रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांबवणं, मग उलट. प्रत्येक वेळी दहा सेकंद. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. श्वास कोंडला किंवा पाय पाठीच्या वर गेला की फायदा जातो. चालण्याचा पुरावाही तुम्हीच दाखवलात: 2024 साली ऑस्ट्रेलियातल्या 701 जणांच्या अभ्यासात, चालण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटात निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला 208 दिवस लागले, बाकीच्यांत 112.

"चकती सरकली" या शब्दांनी हादरलेल्यांना तुम्ही धीर दिलात. काहीच न दुखणाऱ्यांच्या तपासणीतही फुगलेली चकती विशीत सुमारे 30 टक्के आणि ऐंशीत 84 टक्के लोकांत दिसते. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाकडून उसणीवर पाय लावून घेणाऱ्यांनाही तुम्ही हिणवलं नाहीत; बऱ्याच उसणी काही दिवसांत आपसूक उतरतात, पण म्हाताऱ्या हाडांवर लाथ बसू देऊ नका, एवढंच म्हणालात.

दवाखान्यात कधी पळायचं, ते आता पाठ आहे. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसण्याची जागा बधिर पडली, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, रात्री वाढणारी कळ असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यायची. त्याची सरकारी तपासणी आणि औषध मोफत आहे. दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या रोज नकोत. उपाशीपोटी जठराला आणि उन्हात घाम गाळताना मूत्रपिंडांना त्या महाग पडतात.

ताई, दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतील. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना कंबर कशी सांभाळायची, ते कोयत्यांना, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांना, एकदा प्रत्यक्ष दाखवायला या. मुकादमांशी बोलून एक संध्याकाळ आम्ही राखून ठेवतो. तुराट्या इथं भरपूर आहेत.

आपल्या,
आशाताई,
बीड जिल्हा