आई-बाबांना, नेपाळच्या तराईतून

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

आई, मंडळीच्या बैठकीत पाळकसाहेबांनी तुला विचारलं म्हणे, "मुलगी नेपाळात गेली, किती जण प्रभूकडे आले?" फोनवर हे सांगताना तुझा आवाज पडला होता, म्हणून लिहायला बसले. आकडा माझ्याकडे नाही. असता तरी बैठकीत वाचायला दिला नसता. इथे ऑगस्ट 2018 पासून नवी फौजदारी संहिता लागू आहे. कुणाचं धर्मांतर केलं तर 5 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाली की 7 दिवसांत देशाबाहेर काढतात. आपल्याला यायला व्हिसा लागत नसला तरी आपण परदेशीच.

गेल्या पावसाळ्यात माझ्याविरुद्ध तक्रार झाली, ते तुम्हाला मुद्दामच कळवलं नव्हतं. पायाचं ड्रेसिंग झाल्यावर एक आजी म्हणाली, तुझ्या देवाला माझ्यासाठी सांग. मी सांगितलं, एवढंच. पोलिसांनी बोलावून विचारपूस केली, चहा पाजला आणि सोडलं. पण कुष्ठरुग्णांसाठीची माझी गावोगावची फेरी बंद झाली. त्यातच गाडीचा खर्च देणाऱ्या युरोपातल्या मंडळींनी हात आखडता घेतला. नेपाळने 2010 मध्ये कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं ना! दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असले की निर्मूलन धरतात, पण देणगीदाराला बहुधा तेवढं पुरतं. 2005 च्या शेवटी हेच साधल्याचं आपल्या देशानेही जाहीर केलं. त्यानंतर तुमच्या कुष्ठरुग्णांसाठीच्या चपलांच्या वर्कशॉपची काय गत झाली ते मी वेगळं काय सांगणार, बाबा.

मी नसले की गावातले कुष्ठरुग्णांचे गट मोडतील, अशी माझी खात्री होती. ते मोडले नाहीत. एका गटाचं सगळं आता एक मुसहर (इथली एक दलित जात) बाई बघते. तिची स्वतःची बोटं आत वळलेली आहेत. संध्याकाळी बायकांना ओळीने बसवते, पाय पाण्यात भिजवायला लावते, घट्टे दगडाने घासून घेते, ओल्या पायावरच मोहरीचं तेल चोळायला सांगते, आणि मग एकेकीचा तळवा दिव्याजवळ धरून काटा-जखम शोधते. कुणी चुकवलं तर मैथिलीत अशी झाडते की मला ते सात जन्मात जमायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, मी गाडीतून उतरले की लोक पोरांच्या अंगावरचे डाग सदऱ्याखाली लपवायचे. तिच्यापासून लपवत नाहीत. तिने पाठवलेल्या पोरांना हात-पाय वाकडे व्हायच्या आत गोळ्या सुरू झाल्या. त्या फुकटच मिळतात. ती ख्रिस्ती नाही, छठचा कडक उपास धरते. मी रोज तिच्यासाठी देवाचे आभार मानते. हे बैठकीत कसं सांगायचं ते आई, तूच ठरव.

इथल्या शनिवारच्या उपासनेत (सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही) मंडळीतल्या एका म्हाताऱ्या भावाने जुन्या गोष्टी काढल्या. नेपाळी बायबलचं भाषांतर करणारे गंगाप्रसाद प्रधान 1914 मध्ये दार्जिलिंगहून सहकुटुंब काठमांडूला आले, तर त्यांना परत धाडलं. पुढे कितीतरी वर्षं मिशनरी रक्सौलसारख्या सीमेवरच्या गावांत ताटकळत राहिले. आणि शेवटी दार उघडलं कशाने, तर पाखरांनी! मसुरीच्या शाळेतले मास्तर रॉबर्ट फ्लेमिंग यांना 1949 मध्ये पक्ष्यांचे नमुने गोळा करायला परवानगी मिळाली. नंतरच्या फेरीत बरोबर डॉक्टर होते, त्यांनी नेपाळातल्या तानसेन गावात रुग्ण तपासले. त्यातूनच पुढे सरकारची परवानगी आली आणि 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ या ख्रिस्ती सेवासंस्थेचं काम उभं राहिलं. बाबा, हे ऐकताना तुम्हीच आठवलात; पाखरं दिसली की सायकल थांबवणारे.

आता तुमच्यासाठी काम. त्या बाईचा मुलगा चपला शिवायला शिकतोय. साधी एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चपल त्याला जमते, पण बोटं झडलेल्या आखूड पायाला पट्टा कुठे घ्यायचा ते कळत नाही, आणि परवा तर बधिर पायाच्या चपलेला खिळा ठोकायला निघाला होता. तुम्ही कागदावर पाय आखण्यापासून पट्टा शिवण्यापर्यंत सगळं करून दाखवा, शेजारच्या पोराला मोबाइलवर शूटिंग करू द्या. मराठीतच बोला, मी इथे समजावते. हात दिसू देत म्हणजे झालं. तुमची ती कातडं कापायची जुनी रापी अजून असेल तर ती पोस्टाने नको, मी नाताळात येईन तेव्हा नेईन.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या येण्यापर्यंत लांबवू नकोस.

तुमची,
बेबी