तक्रारवहीसोबत भिंतीवर नकाशाही हवा

मा. संपादक यांस,

पावसाळ्यात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की प्रशासनाची बैठक होते आणि वॉर्डनिहाय आकडे वाचून दाखवले जातात. परंतु हे रुग्ण नेमक्या कोणत्या जलवाहिनीच्या आसपास राहतात, हे त्या तक्त्यांतून दिसत नाही.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी केली आणि पुढे प्रत्येक मृत्यू त्या त्या घरापाशी काळ्या रेघेने नकाशावर दाखवला. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती होती. त्याहून बोलकी होती ती मोकळी जागा: पंपाजवळच्याच बिअरच्या कारखान्यातील कामगार दगावले नव्हते, कारण ते पंपाचे पाणी पीतच नसत. पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागली होती आणि नकाशा तर त्यानंतर प्रसिद्ध झाला, त्यामुळे नकाशाने साथ थांबवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र दूषित पाण्याचा मुद्दा त्याने डोळ्यांसमोर आणला.

आपल्याकडे ग्रामनियोजनात गावकरी रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. शहरी कार्यालयांना त्यात कमीपणा का वाटावा? जलवाहिन्या आणि गटारे दाखवणारा मोठा नकाशा भिंतीवर लावून, आरोग्यसेविका व पाणीपुरवठा अभियंता यांनी रोजच्या नोंदी त्यावर टाचण्यांनी मिळून लावाव्यात. रुग्णांची नावे मात्र त्यावर नसावीत.

– एक वाचक, सातारा