आरत्यांचे दिवस आणि मुलांचे दात

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

गणेशोत्सव तोंडावर आला आहे आणि आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांतून उकडीच्या मोदकांपासून पंचखाद्यापर्यंत नाना पाककृती येऊ लागल्या आहेत. त्या मी आवडीने वाचते. त्याच पानांवर दातांच्या काळजीसाठीही थोडी जागा मिळावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी दंतवैद्य म्हणून काम करते. अनंत चतुर्दशी झाली की आणि पुन्हा दिवाळी सरली की दातदुखीने बेजार झालेली लहान मुले दवाखान्यात येतात. ‘गोड फार खाल्ले म्हणूनच ना?’ असे पालक विचारतात. गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा तोंडात गेले आणि रात्री झोपताना दात स्वच्छ होते की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि पालकांनीही आधी तेच पाहावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

यामागचे कारण समजायला कठीण नाही. दातांवर सतत साचणाऱ्या चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच त्या थराचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) घसरतो आणि तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातील, म्हणजे एनॅमलमधील, खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर लाळ आपले काम करते. ती आम्ल सौम्य करते आणि खनिजांची झीज काही प्रमाणात भरूनही काढते. मात्र त्यासाठी तिला अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंतचा अवधी लागतो. जेवणाच्या पानावर दोन मोदक खाणाऱ्या मुलाच्या लाळेला हा अवधी मिळतो. तेच दोन मोदक तुकड्या-तुकड्याने दुपारभर चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला तो मिळत नाही आणि त्याचे दात दुपारभर आम्लातच राहतात.

आता आमच्याकडचे आरत्यांचे दिवस डोळ्यांसमोर आणावेत. कोकणातील वाड्यांमधून संध्याकाळनंतर आरत्या घरोघर फिरतात. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची मुले आणि गावातली मुले टाळ घेऊन एकत्र हिंडतात, आणि प्रत्येक घरी आरती झाली की हातावर प्रसाद पडतो. कुठे खिरापत, कुठे पेढा, कुठे लाडू, कुठे साखरफुटाणे. एका घरचा प्रसाद पुरता गिळून होत नाही तोच पुढच्या घरची आरती सुरू होते. शहरांतील सोसायट्यांमध्ये आणि मंडळांमध्ये सकाळ-संध्याकाळ हेच थोड्या प्रमाणात घडते. मुले घरी परततात ती उशिरा आणि पेंगुळलेली, आणि तशीच अंथरुणात शिरतात. झोपेत लाळ अगदी कमी स्रवते, त्यामुळे दातांच्या खाचांत बसलेले गोड रात्रभर तिथेच राहते. कीड दहा दिवसांत तयार होत नाही, हे मला ठाऊक आहे. सणानंतर दुखू लागलेल्या दाताची कीड बहुतेक वेळा आधीचीच असते. पण श्रावणापासून संक्रांतीपर्यंत एकामागून एक सण येतात, आणि या काळात सुटलेली रात्रीची सवय पुढे वर्षभर सुटलेलीच राहते.

वारंवारतेचा हा मुद्दा जुना आहे. स्वीडनमध्ये विपेहोम येथील मतिमंदांसाठीच्या संस्थेत १९४० च्या दशकात यावर मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली. ज्या असहाय माणसांवर हा प्रयोग झाला त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, हा त्या संशोधनावरचा कायमचा डाग आहे. त्यांच्या वेदनेतून मिळालेले हे ज्ञान निदान वाया तरी जाऊ नये, असे मला वाटते.

म्हणून माझी सूचना प्रसाद बंद करण्याची नाही. प्रसाद नाकारणे मला स्वतःलाही रुचणार नाही. आरतीनंतर देवाचा कण म्हणून थोडासा प्रसाद तोंडात घालावा आणि उरलेला पुडीत बांधून घरी आणावा, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पानावर तो सगळ्यांनी वाटून खावा, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. ज्या घरांना आणि मंडळांना शक्य आहे त्यांनी काही दिवस गोडाऐवजी दुसरा प्रसाद ठेवावा. यात परंपरेला सोडून काही नाही. विसर्जनाला वाटली डाळ करण्याची रीत कितीतरी घरांत आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे असतात. भोंडल्याची खिरापत तर रोज वेगळी, आणि ती ओळखण्यातच मुलींचा आनंद असतो; तिथे तिखटमिठाच्या पदार्थांना कोणी कधी कमी लेखले नाही. आमच्याकडे रात्रीच्या भजनाला आलेल्या मंडळींना काळ्या वाटाण्यांची उसळ मिळते. मोठ्यांसाठी उसळ आणि मुलांच्या हातावर मात्र पुन्हा लाडूच, असे का असावे? ओल्या खोबऱ्याचे काप, काकडी, शेंगदाणे, पेरूची फोड यांपैकी काहीही देवापुढे ठेवता येते.

गुळाबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतही ‘आम्ही साखर देत नाही, गूळच देतो’ असे अभिमानाने सांगितले जाते. दाताच्या दृष्टीने गूळ, मध, काकवी आणि खडीसाखर यांत फरक करण्याजोगे काही नाही. जंतूंना त्या सर्वांपासून आम्ल करता येते. चिकट चिक्की आणि खारीक तर दातांच्या खाचांत रुतून बसतात. दिवाळीतल्या शंकरपाळ्या गोड आणि पिठूळ अशा दोन्ही असतात, आणि डबा समोर उघडा असला की येता-जाता हात त्यात जातो. फराळ एका वेळी, चहाबरोबर किंवा जेवणानंतर, बशीत काढून खाल्ला तर चव तीच राहते आणि दातांना मधे उसंत मिळते.

‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ त्या मुलाने आणखी सहा-सात वर्षे कशी बाळगावी? ती अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हेच अनेक पालकांच्या लक्षात येत नाही, आणि आले तरी तिला दुधाचीच समजले जाते. ती कायमची असते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, आणि नेमकी याच वयाची मुले आरत्यांना सर्वांत उत्साहाने हिंडत असतात. पालकांनी या दिवसांत एकदा उजेडात मुलाचा जबडा उघडून ती दाढ पाहावी.

रात्री कितीही वाजले तरी ब्रश केल्याशिवाय मुलाला झोपू देऊ नये. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. ब्रश दोन मिनिटे फिरवावा, फेस थुंकावा आणि त्यावर भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. फेस गिळू न देण्याची काळजी सर्वत्र घ्यावी; यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे ती अधिक घ्यावी आणि पेस्टबाबत दंतवैद्याला विचारावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून ब्रश मोठ्यांनी करून द्यावा. सणाला घरी आलेले आजोबा, काका, मावशी यांनीही मुलांबरोबर आरशासमोर उभे राहावे. मुले सांगण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात. लिंबाचे सरबत किंवा शीतपेय घेतले असेल तर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे, कारण आम्लाने मऊ झालेले एनॅमल ब्रशने झिजते.

मोठ्यांसाठी थोडेसेच. रूट कॅनॉल झालेली आणि कॅप न बसवलेली दाढ कडक चिक्कीने किंवा सुपारीने तडकू शकते. जेवणानंतरच्या गुलकंदी विड्याने तोंड स्वच्छ होत नाही, उलट दातांना साखर चिकटते. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांतून येणारे रक्त सणाच्या धांदलीत अंगावर काढू नये.

सणात दाढ दुखू लागली आणि दवाखाने बंद असले तर वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवण्याचा प्रकार अजूनही सर्रास होतो. त्याने हिरडी भाजते आणि वेदना थांबत नाही. गोळी डॉक्टरांच्या किंवा औषध विक्रेत्याच्या सल्ल्याने पोटातच घ्यावी. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही दिसले तर सण संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

या संदर्भात आपल्या दैनिकाकडून दोन अपेक्षा आहेत. सणांच्या पुरवणीत पाककृतींच्या शेजारी दातांच्या काळजीची एक छोटी चौकट नियमाने छापावी. तसेच दिवाळीच्या सुट्ट्यांत जिल्ह्यातील कोणती शासकीय रुग्णालये आणि कोणते दंत दवाखाने कोणत्या वेळी उघडे राहणार आहेत, याची यादी वसुबारसेच्या आधी प्रसिद्ध करावी. आमच्या तालुक्यातील दवाखान्यांच्या वेळा गोळा करून आपल्या कार्यालयाकडे पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

कळावे.

आपली,
एक दंतवैद्य वाचक,
जि. रत्नागिरी