द्वादशीचं पहिलं पान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढीच्या आदल्या दिवशी आपल्या अंकात उपवासाच्या पदार्थांचं अख्खं पान होतं. भगरीचे डोसे, रताळ्याचा कीस, साबुदाण्याचं थालीपीठ. शेजारी उपवासाने वजन किती उतरतं, साखरेवर काय परिणाम होतो, याचीही माहिती होती. पान आवडीने वाचलं, रताळ्याची कृती सुनेने करूनही पाहिली. पण एक गोष्ट त्यात राहून गेली आणि ती मला इतकी मोलाची वाटते, की पत्र लिहायला बसले. उपवास धरायचा कसा हे सगळेच सांगतात. तो कोणाला जेवू घालून सोडायचा, हे आताशा कोणी सांगत नाही.

मी बार्शीची. एकादशी पंढरपूरला करावी आणि बारस सोडायला बार्शीत भगवंताच्या दारी यावं, अशी आमच्याकडची जुनी रीत. गावाचं नावही त्या बारशीवरूनच पडलं, असं इथले लोक सांगतात. आमचं भगवंताचं देऊळ अंबरीष राजाच्या कथेशी जोडलेलं आहे. ती कथा लोकांना आठवते ती सुदर्शन चक्रामुळे. द्वादशीला दुर्वास ऋषी पाहुणे म्हणून आले, यमुनेवर स्नानाला गेले आणि वेळेत परतले नाहीत. तिथी टळू नये म्हणून राजाने नुसता पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यावरून ऋषी कोपले आणि शेवटी चक्र त्यांच्याच पाठी लागलं. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो त्याच्या पुढचा भाग. ऋषी तिन्ही लोकांत फिरून परत आले तोवर वर्ष उलटलं होतं, असं भागवतात आहे, आणि अंबरीष अजून जेवला नव्हता. पाहुणा उपाशी गेला म्हणून तो पाण्यावर राहिला होता. आधी त्याने दुर्वासांना वाढलं, मग स्वतः घास घेतला.

माझ्या आजीने ही कथा नुसती ऐकली नाही, पाळली. बारशीला सकाळीच तिचा स्वयंपाक तयार असे. भाताची मूद, वर वरण, तुपाची धार, लिंबाची फोड, कडेला भाकरी आणि भाजी. पहिलं पान बाहेर ओट्यावर मांडायचं आणि रस्त्याने जो जाईल त्याला हाक मारायची. वारकरी असो, बोहारीण असो. जात विचारायची नाही. तो माणूस पानावर बसल्याशिवाय आजी तोंडात काही घालत नसे. एका वर्षी पाऊस असा लागला की अकरा वाजले तरी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आजी उंबऱ्यात बसून. शेवटी शेजारच्या चाची डोक्यावर पोतं घेऊन आल्या. म्हणाल्या, “आजी, मी बसते पानावर. तुमचा उपास सुटू द्या.”

त्याच चाचींच्या घरी रमजान संपताना फितऱ्याचे, म्हणजे गरिबांना द्यायच्या दानाचे, गहू मोजताना मी कितीदा पाहिलंय. घरातल्या प्रत्येक माणसागणिक ठरलेलं माप. एका वर्षी त्यांचा नातू दहा दिवसांचा होता, त्याच्याही नावाने एक माप निघालं. हे धान्य ईदच्या नमाजाच्या आधी पोचायला हवं, मागाहून नाही, यावर त्यांचा कटाक्ष. धान्य मोजताना आजी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची, चाची ‘बरकत’ म्हणायच्या. दोघींचंही पहिलं माप दुसऱ्याच्या घरी जायचं.

पुढे शाळेत शिकवताना वाचत गेले, तसं हेच ठिकठिकाणी भेटत गेलं. रायगडातले बेने इस्रायल हे आपले मराठी बोलणारे यहुदी. त्यांचा सगळ्यात कडक उपवास योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, आणि त्याच दिवशी जगभरच्या सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरांत, यशया संदेष्ट्याचा जो अध्याय वाचतात, त्यात देव विचारतो की मान खाली घालून राखेत बसणं हा का उपवास? भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं, हा मला हवा तो उपवास. आपल्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकट्याने खाणारा पापही एकट्याचंच खातो असं आहे. बुद्धांनी सांगितलं की दानाचं फळ लोकांना कळलं असतं, तर शेवटचा घाससुद्धा त्यांनी वाटल्याशिवाय खाल्ला नसता. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा मोमीन, म्हणजे खरा श्रद्धावान, नव्हे, असं पैगंबरांचं वचन हदीसमध्ये आहे.

सगळे धर्म एकच, असं मला म्हणायचं नाही. गुरू नानकांनी तर उपवासाला महत्त्वच दिलं नाही. पण तिसरे गुरू अमरदास यांनी नेम घातला की भेटीला येणाऱ्याने आधी पंगतीत बसावं. देव, मोक्ष, पुनर्जन्म यांवर ज्यांचं जमत नाही, ते सगळे या ताटापाशी येऊन एक बोलतात. याचा विचार करताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

माणसाचं आयुष्य भरून येतं ते कशाने, हा प्रश्न माझ्या वयाला रोज पडतो. घर बांधलं, मुलं शिकून पुण्याला गेली, सगळं चांगलंच झालं. पण घर भरल्यासारखं वाटलेले दिवस मोजायला बसले, तर ज्या दिवशी पानावर कोणी परकं माणूस होतं, तेच आधी आठवतात. आजीच्या घरात पैसा कधीच नव्हता, तरी तिला कमी पडलंय असं कधी वाटलं नाही. चाची ज्याला बरकत म्हणायच्या ती हीच, असं मी मानते.

आता ओट्यावरून हाक मारली तर कोणी थांबत नाही, म्हणून मी डबे घेऊन इथल्या कॅन्सर रुग्णालयाच्या आवारात जाते. मराठवाड्यातून आलेले रुग्णांचे नातेवाईक तिथे दिवसेंदिवस बाकांवर असतात. या बारशीला एका बाईला डबा दिला. तिने झाकण उघडलं, अर्धी भाकरी मोडून शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली, आणि मग पहिला घास घेतला. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

माझी विनंती एवढीच आहे. २०२५ मध्ये आणि पुन्हा २०२६ मध्ये रमजान आणि ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाला. एकादशा तर बारा महिने आहेत, बौद्धांचा वर्षावास आहे, जैनांचं पर्युषण आहे. आपण सेहरी-इफ्तारच्या वेळा छापता, उपवासाच्या पाककृती छापता. त्या चौकटीखाली चार ओळी अशा छापाव्यात, की आपल्या तालुक्यात उद्या जेवण कुठे पोचवता येईल. रुग्णालय, वसतिगृह, एस. टी. स्टँड, ऊसतोडीच्या टोळ्यांचे पाल. पत्ते आणि वेळ वाचक कळवतील, बार्शीचे मी कळवते. कार्तिकीच्या अंकापासून सुरुवात झाली तर फार बरं होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर