आओराकीच्या पायथ्याहून परतल्यावर

ख्राइस्टचर्च

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर आओराकीबद्दल विचारलंत तेव्हा मी "छान आहे" एवढंच म्हणाले. दोन शब्दांत उरकण्यासारखा तो डोंगर नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

न्यूझीलंडमधलं हे सर्वांत उंच शिखर, ३,७२४ मीटर; इंग्रजीत याला माउंट कुक म्हणतात. राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारा रस्ता पुकाकी तलावाच्या काठाकाठाने जातो. आई, त्या पाण्याचा निळा रंग तुला फोटोत खोटाच वाटेल. हिमनद्या खालचा खडक दळत पुढे सरकतात. त्याचं मैद्यासारखं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की हा रंग दिसतो. तलावाच्या टोकाला डोंगर उभा, पण तो दिसेलच असं नाही. पश्चिमेचे वारे समुद्रावरची ओल घेऊन येतात आणि ढग माथ्यावर ठाण मांडून बसतात. आम्हाला सकाळी दर्शन झालं, दुपारी सगळं झाकून गेलं.

हूकर खोऱ्यातली पायवाट झुलत्या पुलांवरून जाते. डाव्या हाताला माउंट सेफ्टन, त्याच्या कड्यांना हिमनद्या लटकलेल्या. मध्येच गडगडाट होतो. वर पाहावं तर बर्फाची पांढरी धूळ तेवढी उतरत असते. कोसळायचं ते आवाज पोचायच्या आधीच कोसळलेलं असतं. वाटेच्या कडेला माउंट कुक लिली फुलली होती. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा गुच्छ, पानं मोठी आणि खोलगट. एका पानात पाणी साचलं होतं आणि त्याच्या काठाने एक बारीक माशी फेऱ्या मारत होती. वाट संपते ती हिमनदीच्या तळ्याशी. राखाडी पाणी, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे.

पण मला सर्वांत भावली ती इथल्या न्गाई ताहू या माओरी लोकांची श्रद्धा. आओराकी हा आकाशपित्याचा मुलगा. भावांबरोबर समुद्रात फिरताना त्यांची होडी अडकून कलली. सगळे उंच बाजूला चढून बसले आणि दक्षिणेच्या गार वाऱ्याने तिथेच गोठून दगड झाले. होडी म्हणजे हे दक्षिण बेट, भाऊ म्हणजे ही डोंगररांग. आओराकी त्यांचा पूर्वज, म्हणून गिर्यारोहकांना त्यांची विनंती असते: चढा, पण अगदी माथ्यावर पाऊल ठेवू नका, थोडं खालीच थांबा. पूर्वजाच्या डोक्यावर पाय कसा द्यायचा! एवढे कष्ट करून वर जायचं आणि शेवटची पावलं आपणहून टाकायची नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. एव्हरेस्टवाले हिलरीही याच डोंगरावर घडले; १९४८ मध्ये याची दक्षिण धार पहिल्यांदा चढली गेली, त्या चमूत ते होते.

डोंगर आहे तसा राहत मात्र नाही. १९९१ च्या डिसेंबरमध्ये माथ्याचा मोठा भाग कोसळला आणि उंची दहा मीटरने कमी झाली. उरलेला बर्फही झिजत गेला. शेजारच्या टास्मान हिमनदीच्या तोंडाशी आज काही किलोमीटर लांबीचा तलाव आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तो नव्हताच. हे वाचून माहीत होतं, काठावर उभं राहिल्यावर पोटात कालवलं.

म्हणून म्हणते, यायचं लांबणीवर टाकू नका. जानेवारी-फेब्रुवारीत इथे उन्हाळा असतो. हूकरची वाट बरीचशी सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांना झेपेल. पासपोर्टचं काम कुठवर आलं ते कळवा, तिकिटांचं मी बघते.

तुमची,
मनू